साखर जाड माणसालाच होते का? आपल्या ताटाविषयी संशोधन काय सांगते

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत. रिक्षा चालवतात. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, अंगाने काटक, उंची पाच फूट चार इंच, वजन एकोणसाठ किलो. गेल्या वर्षी बकरी ईदच्या आसपास चप्पल घासून त्यांच्या उजव्या पायाला अंगठ्याशेजारी छोटी जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. हळद लावली, मेडिकलमधून मलम आणलं. तीन आठवडे गेले तरी जखम भरेना, उलट काळी पडायला लागली. तेव्हा दवाखान्यात गेले आणि तपासणीत उपाशीपोटी साखर २६० निघाली. अंगठा वाचला, शेजारचं बोट काढावं लागलं.

चाचांचा पहिला प्रश्न होता, “मला साखर कशी होईल? मी काय जाड आहे? आणि गोड तर मी खातच नाही.”

हा प्रश्न एकट्या चाचांचा नाही. मधुमेह म्हणजे सुटलेलं पोट, मिठाईचा शौक आणि बसून काम करणारा शेठ, असं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. त्यामुळे सडपातळ माणूस तपासणीच करून घेत नाही. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, जखम झालेली कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे कळली तरी ती भरत नाही. चाचांची जखम दुखली नाही हे चांगलं लक्षण नव्हतं, तोच आजार होता.

चाचांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. ते आपल्या पुण्यातच सापडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांचा शेजारी शेजारी काढलेला एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. वजन आणि उंचीचं गुणोत्तर, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, दोघांचंही अगदी सारखं होतं, २२.३. म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही ‘नॉर्मल’. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तेव्हा यडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! यडकिन मॅरेथॉन धावणारे होते, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद होण्याआधी पळत जाऊन ते गाठणं, असा विनोद त्यांनीच त्या लेखात केला होता. विनोद सोडा, पण मुद्दा गंभीर आहे. चाचांचा बीएमआय काढून बघितला, तर तोही २२.३ च येतो. काटा त्यांना धडधाकट म्हणत होता.

हे असं का होतं, याचा शोध याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घेतला. १९९३ पासून त्यांनी तिथल्या स्त्रियांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवली, मग त्यांच्या बाळांची, आणि ती बाळं मोठी झाल्यावर त्यांचीही. ही बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पुण्याची बाळं लहान होती, त्यांचे हातपाय बारीक होते, स्नायू कमी होते. चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. बारीक दिसणारी, पण आतून चरबी राखून ठेवलेली बाळं. आईच्या पोटात पोषण कमी मिळालं की शरीर काटकसर शिकतं. पुढे त्याच शरीराला भरपूर पीठ, भात, साखर आणि बसून राहण्याची सवय मिळाली, की ही काटकसर उलटते. स्नायू कमी असल्यामुळे साखर वापरली जात नाही आणि चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती जमा होते.

म्हणून आपल्या लोकांसाठी वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या, वर गेली आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या, वर गेली की सावध व्हावं. पॅण्टचा नंबर धरू नका, पॅण्ट लोक पोटाच्या खाली घालतात. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर मोजा.

देशाचं चित्र काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन यांनी देशभर घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. उंबरठ्यावर म्हणजे उपाशीपोटी साखर १०० ते १२५ च्या दरम्यान. १२६ किंवा त्यावर गेली की मधुमेह. उंबरठ्यावरचा माणूस माघारी फिरू शकतो, पण आपण उंबरठ्यावर आहोत हे त्याला माहीत तर पाहिजे!

ताटात जास्त काय झालं?

चाचांचं म्हणणं होतं की ते गोड खात नाहीत. खरंच खात नाहीत, शीरखुर्मासुद्धा दोन चमचे. पण त्यांचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी स्टँडवर चहा आणि खारी, किंवा चहात बुडवून पाव. अकरा वाजता पुन्हा चहा, सोबत वडापाव. दुपारी चार चपात्या आणि बटाट्याची भाजी. पाचला चहा-बिस्किट. रात्री दहा-साडेदहाला घरी आल्यावर ताटभर भात आणि वर सालन, बहुतेक वेळा त्यात रस्साच जास्त. यात मिठाई कुठेच नाही. पण पाव, खारी, बिस्किट, चपाती, बटाटा, भात, हे सगळं पोटात गेल्यावर साखरच होतं. शिजवलेल्या भाताच्या दीडशे ग्रॅमच्या वाटीत ४० ग्रॅमच्या वर पिष्ट असतं, आणि चाचा एका वाटीवर थांबणारे नाहीत. त्यातून चहाचे चार-पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. ती साखर ‘गोड’ या हिशेबात कोणी धरत नाही.

याच पाहणीच्या आहारविषयक भागाचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आले. भारतीय माणसाच्या दिवसभराच्या उष्मांकांपैकी सरासरी ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि तेही मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांतून. प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के. संशोधकांनी हिशेब मांडून दाखवलं की, एकूण उष्मांकांपैकी फक्त ५ टक्के उष्मांक पिष्टाऐवजी डाळी-कडधान्यं, दूध-दही, अंडी किंवा मासे यांतून घेतले तर मधुमेहाची शक्यता कमी दिसते. हे निरीक्षणावर आधारलेलं संशोधन आहे, लोकांना प्रयोगशाळेत ठेवून केलेला प्रयोग नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पण इतक्या मोठ्या पाहणीतून आलेला कल दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

५ टक्के म्हणजे किती? दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसासाठी १०० उष्मांक. ताटाच्या भाषेत सांगायचं तर साधारण दीड चपाती कमी आणि त्या जागी दोन उकडलेली अंडी, किंवा घट्ट डाळीची एक मोठी वाटी आणि थोडं दही. घट्ट डाळ म्हणतोय मी. आपल्याकडे पाहुणे वाढले की डाळीत पाणी वाढतं, तसली डाळ नव्हे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी अनेकांना आवडणार नाही. पांढऱ्या भाताच्या जागी गव्हाची चपाती किंवा ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी घेतली, पण एकूण पिष्टाचं प्रमाण तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाची शक्यता कमी झालेली दिसली नाही. सध्या भरडधान्यांचा मोठा गवगवा आहे. भाकरी चांगलीच आहे, तिच्यात तंतू जास्त, ती पोटाला आधार देते. पण ‘डॉक्टरांनी भात बंद केला’ म्हणून तीन मोठ्या भाकऱ्या खाणारा माणूस स्वतःला फसवतो आहे. आमच्या घरात हे झालेलं आहे, म्हणून सांगतो. अब्बांनी भात सोडला, चपात्या दोनाच्या पाच झाल्या, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट बघून तेच डॉक्टरांवर रागावले.

मटण बंद करायचं का?

मुस्लिम घरात कोणालाही, काहीही झालं की पहिला सल्ला हाच मिळतो. डॉक्टर देतात, शेजारी देतात, व्हॉट्सअॅप तर देतंच. त्यामुळे संशोधन नेमकं काय म्हणतं ते सविस्तर बघू.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दहा देशांतल्या २२ तज्ज्ञांची बैठक घेऊन निर्णय दिला की, प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे खारवलेलं, धुरावलेलं, रसायनं घालून टिकवलेलं सॉसेज, सलामी, हॅम वगैरे, आतड्याच्या कर्करोगाला कारण ठरतं. तांबड्या मांसाला, म्हणजे मटण, बीफ यांना, त्यांनी ‘बहुधा कारणीभूत’ अशा खालच्या गटात ठेवलं. वर्तमानपत्रांत मथळे आले की मांस तंबाखूइतकंच धोकादायक! हा अर्थ चुकीचा होता. तंबाखू आणि प्रक्रिया केलेलं मांस एका गटात आहेत, याचा अर्थ दोन्हींबद्दलचा पुरावा तितकाच पक्का आहे. धोका तितकाच मोठा आहे असा अर्थ त्यातून निघत नाही.

त्याच अहवालात म्हटलं होतं की, रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. हे ‘१८ टक्के’ कसं वाचायचं ते एकदा समजून घेतलं की पुढच्या दहा बातम्या सोप्या होतात. समजा एखाद्या समाजात शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात हा रोग होत असेल. १८ टक्के वाढ म्हणजे ते पाचाचे तेवीस होत नाहीत. पाचाच्या १८ टक्के, म्हणजे पाचाचे साधारण सहा होतात. धोका वाढला हे खरं, पण मथळ्यात वाटला तेवढा नाही. आणि हे रोज खाणाऱ्याबद्दल आहे.

मटणाची मर्यादा विचाराल तर कर्करोगावर काम करणारा वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड आठवड्याला शिजवलेलं तांबडं मांस ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतो. साधारण तीन वेळचं जेवण. सामान्य घरात महागाईमुळे मटण तसंही तेवढं येत नाही. पण लग्नाचा सीझन आणि कुर्बानीचे दिवस आले की हा हिशेब एका बैठकीतच संपतो. शिवाय वर सांगितलेल्या २०२५ च्या अभ्यासात डाळी, दूध, अंडी, मासे यांच्या प्रथिनांचा जो फायदा दिसला, तो तांबड्या मांसात दिसला नाही. म्हणजे भात कमी करून त्या जागी रोज मटण, हा उपाय नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुण्याच्या त्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास स्त्रियांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम न करण्याची लक्षणं जास्त दिसली. आणि आपल्या घरात काय होतं? पातेल्यातल्या बोट्या आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातात, सुनेच्या वाट्याला शेवटी रस्सा आणि बटाटा उरतो. ज्या घरात मटण शिजतं त्या घरातल्या गरोदर बाईला त्यातलं काही मिळत नसेल, तर पुढच्या पिढीचा मधुमेह आपण स्वयंपाकघरातच तयार करतो आहोत. मला विचाराल तर मटणाच्या वादात सर्वात कमी बोललं जातं ते याच गोष्टीवर.

माझं मत असं की, मटणापेक्षा मटणाच्या सोबतीचं सामान जास्त नुकसान करतं. बिर्याणीत डालडा, तळलेला कांदा, त्यावर जर्दा किंवा डबल का मीठा, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात थंड पेयाची बाटली. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटचा हृदयाला होणारा अपाय इतका सिद्ध झालेला आहे की, भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर ठेवायला कायद्याने बंदी आहे. पण तेच तेल पुन्हा पुन्हा कडकडीत तापवलं की ते पुन्हा खराब होतं, आणि भजी-समोशाच्या कढईवर कोणाची नजर असते? थंड पेयाचं म्हणाल तर साध्या कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत २६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. एका बाटलीत दिवस संपला!

पाकिटातलं खाणं

या विषयावर २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण तो चोख आहे. वीस जणांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं. दोन्हींमध्ये समोर ठेवलेले उष्मांक, साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच. सांगितलं एवढंच की हवं तेवढं खा. कारखान्यातल्या खाण्यावर लोकांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि दोन आठवड्यांत सरासरी ९०० ग्रॅम वजन वाढलं. ताज्या खाण्यावर तेवढंच कमी झालं.

कोणी जबरदस्ती केली नव्हती. हे खाणं मऊ, चावायला सोपं, म्हणून लोक ते भराभर खात होते. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर ताट रिकामं. मुलाच्या डब्यात जाणारं बिस्किटाचं पाकीट, दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया, पाच रुपयांच्या चटकदार पुड्या, हे सगळं याच जातीचं. गरिबाच्या घरात ते लाडापोटी येतं, आणि स्वस्त म्हणूनही.

काय आधी, काय नंतर

आता थोडी दिलासा देणारी गोष्ट. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अल्पना शुक्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मधुमेहाच्या अकरा रुग्णांना तेच जेवण दोन वेगवेगळ्या क्रमांनी दिलं. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, आणि पंधरा मिनिटांनी चिकन व भाज्या. दुसऱ्यांदा चिकन, भाज्या आधी, आणि पाव-रस नंतर. दुसऱ्या क्रमाने रक्तातली साखर अर्ध्या तासाला सुमारे २९ टक्के आणि एका तासाला ३७ टक्के कमी दिसली. जेवण तेच, खर्च तोच! रुग्ण फक्त अकरा होते, त्यामुळे याला औषध समजू नये. पण करून बघायला पैसे लागत नाहीत. कचुंबर आणि बोट्या आधी, डाळ आधी, मग चपाती आणि शेवटी भात. आपली पद्धत बरोबर उलटी आहे. पंक्तीत बसल्या बसल्या पहिला हात भाताला.

दुसरी गोष्ट चालण्याची. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात ४१ मधुमेहींना आधी दिवसातून केव्हाही सलग तीस मिनिटं चालायला सांगितलं, मग प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. एकूण चालणं तेवढंच. जेवणानंतर चालण्याने साखर १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. हे का होतं ते सोपं आहे. मांडीचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतात, आणि जेवणानंतरच ती रक्तात सर्वात जास्त असते. आपल्याकडे बायकांनी जेवणानंतर कुठे चालायचं हा प्रश्न खरा आहे. गल्लीत दिवे नाहीत, लोक बोलतात. गच्चीवर, नाहीतर घरातल्या घरात दहा मिनिटं येरझाऱ्या घातल्या तरी स्नायूंना ते कळतं.

आणि वेळेचंही बघा. बोस्टनच्या एका रुग्णालयात चौदा निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगात तेच जेवण सकाळी आठला आणि रात्री आठला दिलं. रात्री साखर १७ टक्के जास्त चढली. शरीराचं घड्याळ रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं. चाचा तर रात्री साडेदहाला जेवायचे आणि अकराला झोपायचे.

रमजान आणि मधुमेह

इथे मात्र नुसतं ताट बदलून भागत नाही. २००१ मध्ये भारतासह तेरा देशांतल्या बारा हजारांहून जास्त मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली होती. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांपैकी ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान पंधरा रोजे ठेवले होते. त्यांच्यात साखर एकदम घसरून दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण इतर महिन्यांच्या साडेसातपट होतं. साखर खूप चढून भरती होण्याचं प्रमाणही सुमारे पाचपट. दिवसा घसरते कारण गोळी किंवा इन्सुलिन चालू आणि पोट रिकामं. रात्री चढते कारण इफ्तारला भजी, समोसे, शरबत, फळांवर पिठीसाखर, आणि वर जेवण.

निरोगी माणसाचं वजन रमजानमध्ये थोडं कमी होतं. अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा ही घट सरासरी सव्वा किलोच्या आसपास निघाली, आणि ईदनंतर दोन आठवड्यांत त्यातलं अर्ध्याहून जास्त वजन परत आलं. म्हणजे फायदा टिकवायचा तर शव्वालमधलं ताटही बघायला हवं.

मधुमेहींसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि डायबिटीस अँड रमजान या गटाने मिळून मार्गदर्शक सूचना केल्या आहेत. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. रोज्यात साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर त्याच क्षणी रोजा सोडायचा, मगरिबची वाट बघायची नाही. आणि बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही साखर घसरल्याची लक्षणं आहेत. ‘अजून अर्धाच तास राहिला’ म्हणून अनेक जण हे सहन करतात, आणि रिक्षा किंवा मोटारसायकल चालवणाऱ्याच्या बाबतीत तो अर्धा तास रस्त्यावरच्या दुसऱ्यांनाही महागात पडू शकतो.

गोळ्यांची वेळ आणि मात्रा स्वतःच्या अंदाजाने बदलायची नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांत साखर घसरण्याचा धोका जास्त असतो, मेटफॉर्मिनमध्ये कमी. कोणाचा धोका किती, कोणी रोजे ठेवावेत, कोणी ठेवू नयेत, हे त्याची साखर, किडनी, वय, काम सगळं बघून डॉक्टरच ठरवू शकतात. त्यासाठी या सूचना रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जायला सांगतात. आपल्या हिशेबाने रजबचा पहिला पंधरवडा. आपण जातो शाबानच्या शेवटी, दुकानात खजूर आल्यावर.

चाचा यंदा रजबमध्ये गेले. सोबत एका कागदावर सहेरीला काय खातात, इफ्तारला काय खातात, रिक्षा किती ते किती चालवतात, ते मुलीकडून लिहून नेलं होतं. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली, दुपारी एकदा आणि मगरिबच्या आधी एकदा साखर तपासायला सांगितली आणि जखमेमुळे पहिल्या आठवड्यात रोजे न ठेवण्याचा सल्ला दिला. चाचांना ते पटायला दोन दिवस लागले. ग्लुकोमीटर आता रिक्षाच्या पुढच्या खणात असतो, त्याच्या शेजारी खजुराची छोटी डबी.